लॉकचा दिवा

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, दगडखाणीच्या वर्कशॉपमध्ये सगळे ‘प्रोफेसर’ म्हणायचे. शाळा त्यांनी नववीतच सोडली होती. पण ट्रकचा मागचा धुरा आणि त्याच्या पोटातला डिफरन्शियल या विषयावर ते कुणालाही, कुठेही, कितीही वेळ ऐकवू शकत. बावीस वर्षं त्यांनी तेच काम केलं. बाकी मेकॅनिक इंजिनावर मरायचे, कारण इंजिन दिसतं, आवाज करतं, त्याचं कौतुक होतं. भाऊजी मागे, गाडीखाली, उताणे. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख कायम काळं असायचं आणि त्यांच्या शर्टाला येणारा जाड तेलाचा वास ताईने कितीही भिजवलं, घासलं तरी जायचा नाही. शेवटी तिनेच नाद सोडला. “माणूस धुऊन निघत नाही, शर्टाचं काय घेऊन बसायचं,” म्हणाली.

लग्न ठरल्यावर ते पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हाच आम्ही ते प्रवचन ऐकलं. प्रवचन हा आमच्या धाकट्या भावाचा शब्द. धाकटा म्हणजे आम्हा दोघी बहिणींनंतर नऊ वर्षांनी झालेला, आईच्या पदराला लोंबकळणारा. त्याला घरात आणि पुढे खाणीवरही सगळे शेंडेफळच म्हणत. त्या दिवशी त्याने सहज विचारलं, “भाऊजी, तुम्ही नेमकं काय दुरुस्त करता?” झालं. भाऊजी उठले, एका हाताने माझा दंड धरला, दुसऱ्याने त्याचा, आणि आम्हाला घेऊन जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्याभोवती वळायला लागले. मी बाहेरच्या बाजूला होते, मला धावावं लागलं. शेंडेफळ आतल्या बाजूला, जागच्या जागीच पाय हलवत राहिला.

“बघितलं? तुम्ही दोघं चाकं. मी मधला डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला रस्ता जास्त, आतल्याला कमी. दोघांना एकाच दांड्याला घट्ट बांधलं तर एक फरफटणार. म्हणून मी मध्ये उभा. ज्याला जेवढं फिरायचंय तेवढं फिरू देतो.”

“मग तुमची काय चूक होते की दुरुस्ती लागते?” आईने विचारलं. होणाऱ्या जावयाला असा प्रश्न टाकायला ती कचरत नसे.

“चूक नाही, आई, स्वभाव. एक चाक चिखलात गेलं की ते मोकळं गरगरतं. दुसरं घट्ट जमिनीवर असतं. पण डिफरन्शियलचा स्वभाव असा, की ज्याला फिरणं सोपं त्यालाच फिरवायचं. सगळा जोर त्या चिखलातल्या चाकात जातो आणि गाडी जागची हलत नाही.”

“म्हणजे आमच्या शेंडेफळासारखंच,” आई म्हणाली. “जो नुसता गरगर फिरतो, त्यालाच सगळं मिळतं.”

भाऊजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. ताईचा संसार नीट होणार, हे मला तिथेच कळलं.

पुढचा भाग ते कधीच गाळत नसत. चिखलासाठी ट्रकला लॉक असतं. केबिनमध्ये एक छोटी दांडी. ती ओढली की हवेच्या जोराने धुऱ्यातलं एक दातेरी कडं सरकतं, दुसऱ्या दात्यांत जाऊन बसतं, आणि दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. मग चिखलातलं चाक गरगरू शकत नाही, दुसरं चाक गाडीला ओढून बाहेर काढतं. पण घट्ट रस्त्यावर आलं की लॉक सोडायचंच. नाही सोडलं तर वळणावर मागची चाकं वळायला तयार होत नाहीत, गाडीला पुढे सरळच रेटत राहतात. भरलेल्या गाडीपुढे मग स्टिअरिंगचं काही चालत नाही.

“आणि सगळ्यात महत्त्वाचं,” इथे ते बोट वर करत, “दांडी ढकलली म्हणजे लॉक सुटलं असं समजू नका. दात्यांवर ताण असेल तर कडं तिथेच अडकून बसतं. समोर लाल दिवा असतो. दांडी सांगते तुम्हाला काय हवंय. दिवा सांगतो खरं काय झालंय. दिवा विझेपर्यंत गाडी थोडी पुढे-मागे करायची, स्टिअरिंग जरा हलवायचं. टक् असा आवाज येतो. मग निघायचं. सरळ रस्त्यावर लॉक लागलंय की सुटलंय हे अंगाला कळत नाही. कळतं ते एकदम वळणावर.”

हे आम्ही किती वेळा ऐकलं असेल. दूधवाल्याने ऐकलं. माझ्या नवऱ्याने तर पहिल्याच भेटीत ऐकलं आणि बाहेर आल्यावर मला विचारलं, “तुमच्याकडे परीक्षा पण घेतात का?” खाणीवर नवा ड्रायव्हर लागला की त्याला आधी प्रोफेसरांच्या गाडीखाली पाठवत. जुने ड्रायव्हर भाऊजी दिसले की लांबूनच ओरडत, “टक् ऐकलं, प्रोफेसर, टक् ऐकलं!” भाऊजी हात हलवून चालू लागत. त्यांना चेष्टा कळायची, पण लागायची नाही.

शेंडेफळाला खाणीवर ड्रायव्हर म्हणून त्यांनीच लावलं. आई नको म्हणत होती, कारण तो विसराळू होता. होताच तो तसा. एकदा वेगवेगळे बूट घालून कामावर गेला. एकदा डब्याऐवजी आईचा दोऱ्यांच्या रिळांचा डबा उचलून नेला आणि दुपारी सगळ्या ड्रायव्हरांच्या मध्ये बसून उघडला. त्या दिवशी त्याला चार जणांनी आपल्या डब्यातलं दिलं, आणि पुढे महिनाभर “आज कुठला रंग?” असं विचारलं. घराची किल्ली तर त्याने इतक्या वेळा हरवली की कुलूपवाला आईला घरच्यासारखा झाला होता. भाऊजी मात्र म्हणायचे, “आई, तो घरी विसराळू आहे. गाडीत बसला की वेगळाच माणूस असतो. मी बघतो ना रोज.” ते कुणाला खरं वाटायचं नाही. मलाही नाही.

लग्न त्याने केलं नव्हतं. “आधी किल्ली सांभाळायला शीक,” असं आई म्हणे, पण आतून ती खूश होती. ते दोघंच राहायचे, ताईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. सकाळी तो निघाला की आई जिन्याच्या कठड्यावरून खाली विचारायची, “डबा? किल्ली? रुमाल?” आणि तो खालून एकेका वस्तूवर हात मारून दाखवायचा.

तो गेला त्या दिवशीही असंच झालं असणार.

खाणीच्या तळाला उपसा करूनही पाणी राहतं. तिथला चढ चिखलाचा. दगड भरून गाडी तिथून वर काढायची तर लॉक लावावंच लागतं. वर आलं की कडक रस्ता सुरू होतो, थोडा सरळ, मग उतार, आणि उताराच्या शेवटी डावं वळण. वळणाच्या बाहेर जुना खड्डा आहे. पाण्याने भरलेला. दुपारी साधारण तीन वाजता शेंडेफळाची गाडी त्या वळणावर वळलीच नाही. बांध तोडून सरळ गेली.

गाडी काढायला क्रेन आली, तोवर संध्याकाळ होत आली होती. त्याला आधीच बाहेर काढलं होतं. भाऊजी तिथेच होते. त्यांनी घरी येऊन आईला सांगितलं, ताईला सांगितलं, मला फोन केला. नीट, एकेक शब्द उच्चारत बोलले. मला तेव्हा वाटलं, किती धीराचा माणूस.

आठवडाभरात खाणीच्या मॅनेजरने चौकशीचा कागद केला. रस्त्यावर मागच्या टायरांच्या खुणा सरळच्या सरळ होत्या, म्हणजे लॉक लागलेलं होतं. दांडी मोडून गेली होती. एका ओळीत निकाल लागला: चालक लॉक सोडायला विसरला.

विसरला. तो शब्द आमच्या घरात असा काही बसला, जणू त्याची जागा आधीपासूनच राखून ठेवली होती. येणारं-जाणारं प्रत्येक माणूस मान हलवायचं. हो, होताच तसा बिचारा. बुटांची गोष्ट निघायची, रिळांची निघायची. लोक रडता रडता हसायचे आणि मग आपण हसलो म्हणून आणखी रडायचे. कुणालाच शंका आली नाही.

आईने रडणं लवकर थांबवलं. त्यापेक्षा वाईट गोष्ट तिने सुरू केली. ती हिशोब लावायला बसली, की त्याला ही सवय कुणामुळे लागली. “मीच,” ती म्हणायची. “डबा मी हातात द्यायचे. किल्ली मी शोधायचे. कठड्यावर उभी राहून मी आठवण करायचे. त्याला स्वतःहून काही लक्षात ठेवायची वेळच मी येऊ दिली नाही. तिथे त्या गाडीत कोण होतं कठड्यावर?”

“आई, असं नसतं गं,” मी म्हणायचे.

“तू गप्प बस. तुम्हा दोघींना मी असं वाढवलं नाही. तुम्ही नाही विसरत.”

भाऊजी तेव्हा तिथेच असायचे. रोज कामावरून सुटले की येत, दाराजवळच्या खुर्चीवर बसत, चहा निवेपर्यंत कप हातात धरून ठेवत. एक अक्षर बोलत नसत. प्रवचन तर सोडाच. ताईला वाटलं, आपल्या माणसाचा आवाजच गेला. “अहो, काहीतरी बोला,” ती म्हणायची. ते म्हणायचे, “काय बोलू?”

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांचा डबा घेऊन वर्कशॉपला गेले. ताईला आईजवळून हलता येत नव्हतं. सुट्टी असूनही ते गेले होते, याचंच मला नवल वाटलं. वर्कशॉपच्या मागे मोकळ्या जागेत मोडकी गाडी आणून टाकली होती. गुरुवारी ती कापायला भंगारवाला येणार होता. भाऊजींनी मागचा धुरा उघडला होता. पत्र्याच्या ट्रेमध्ये काळं तेल, त्यात गढूळ पाणी मिसळून दुधी झालेलं. ते गुडघ्यांवर बसून आत टॉर्च मारत होते.

“डबा तिथे ठेव,” म्हणाले. “आणि इकडे ये. तू शिकलेली आहेस, तुला कळेल.”

मी कॉलेजात कविता शिकले होते, यंत्रं नाही. पण गेले.

त्यांनी मला ते दातेरी कडं दाखवलं. ते सरकून दुसऱ्या दात्यांत पूर्ण बसलेलं होतं. धुरा वाकला होता, म्हणून ते होतं तसंच अडकून राहिलं होतं. “हे लॉक लागलेलं आहे,” ते म्हणाले. “कागदात लिहिलंय ते बरोबर आहे. आता हे बघ.” केबिनमधून काढलेली एक पितळी वस्तू त्यांनी फडक्यावर ठेवली होती, मुठीएवढी. “ही दांडीच्या मागची हवेची झडप. दांडी मोडली, पण झडप शाबूत आहे. हिला खटका असतो. धक्क्याने फिरत नाही, हातानेच फिरवावी लागते. मी आत्ता तुझ्यासमोर खोलतो. मी आधी खोललेली नाही. देवाशपथ नाही.”

चार स्क्रू होते. तिसऱ्यावरून त्यांचा पाना दोनदा सटकला, म्हणून तो मी काढला.

झडप बंदच्या बाजूला होती.

“म्हणजे?” मी विचारलं, जरी मला कळलं होतं.

“म्हणजे त्याने दांडी ढकलली होती. चढ संपल्यावर लॉक सोडलं होतं त्याने. कडं सुटलं नाही. दात्यांवर ताण होता.” त्यांनी झडप परत फडक्यावर ठेवली. “तो विसरला नव्हता.”

मी खाली बसले, तिथेच, तेलाच्या डागांवर. मला एकदम हलकं वाटलं. पहिला विचार आला तो आईचा. उठून धावत जावं आणि तिला सांगावं. “चला भाऊजी, आईला सांगू या,” मी म्हणाले. “पण मग दिवा? तुम्ही म्हणता तो लाल दिवा? तो चालू असणार ना समोर?”

ते माझ्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं मी ते प्रवचन हसत हसत ऐकलं होतं. त्यातली ती एक ओळ माझ्या इतकी लक्षात असेल असं त्यांना वाटलं नसावं.

“दिवा मी काढला होता,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. अपघाताच्या दोन दिवस आधी त्या दिव्याचं बटण बिघडलं. हे बटण धुऱ्यावर, कड्याशेजारी असतं. लॉक नसतानाही दिवा पेटूनच राहायला लागला. समोर लाल दिवा पेटलेली गाडी फाटकातून बाहेर सोडायची नाही, असा खाणीचा नियम. नवं बटण यायला चार दिवस लागणार होते. तेवढे दिवस शेंडेफळाला पाण्याचा टँकर चालवावा लागला असता. त्या टँकरला सगळे ‘म्हातारी’ म्हणत. सीटमधली स्प्रिंग वर आलेली, खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली. शेंडेफळ भाऊजींच्या मागे लागला. “भाऊजी, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. बल्बच काढून टाका. म्हातारीवर बसलो तर मला बसता यायचं नाही पुढे आठवडाभर.”

“दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हाकलून दिलं असतं,” भाऊजी म्हणाले. “घरचा माणूस. म्हटलं, चल. बल्ब काढून खिशात टाकला. आणि म्हणालो, आता हे बघ, दिवा नसताना दांडी ढकलल्यावर… तर तो हात जोडून म्हणाला, प्रवचन नको भाऊजी, तोंडपाठ आहे मला. आणि हसला. मग मी पण हसलो. आणि सोडून दिलं.”

“तोंडपाठ होतंच की त्याला.”

“दिवा असतानाचं तोंडपाठ होतं. दिवा नसताना काय करायचं, ते मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही. दिवा कुणी काढत नाही ना. खाली उतरून मागचं चाक बघायचं, गाडी हातभर मागे घ्यायची, इंजिन बंद करून टक् ऐकायचं. इतकंच. दोन मिनिटांचं होतं सगळं. त्याने समोर बघितलं असणार. दिवा दिसला नाही. अंधाराला तो सुटलेलं लॉक समजला.”

मी त्या दिवशी जे म्हणाले ते मला लिहायलाच हवं. मी म्हणाले, “भाऊजी, कुणाला सांगू नका.” मी म्हणाले, “आईचा मुलगा गेला, आता जावई कशाला घालवता? ताईचं काय होईल? झालं ते परत येणार आहे का?” बायका घर सांभाळायला जे जे बोलतात ते सगळं मी बोलले. त्यांनी झडप फडक्यात गुंडाळली. डबा तसाच परत पाठवला.

गुरुवारी गाडी कापली गेली. त्यानंतर पाच आठवडे ते रोज आईकडे येत राहिले आणि रोज गप्प बसत राहिले. माझं ऐकलं त्यांनी.

मग तो शनिवार. माझी मुलगी आठ वर्षांची, शाळेतून थेट आजीकडे आली होती आणि पाण्याची बाटली वर्गात विसरली होती. तेवढंच. आईने तिला समोर उभं केलं. “सोमवारी शाळेत काय काय न्यायचं, म्हण.” पोरीने म्हटलं. “पुन्हा म्हण.” पुन्हा म्हटलं. आठव्या वेळी ती रडायला लागली. आई थांबेना. पोरीचे दोन्ही खांदे धरून ती म्हणत होती, “विसरायचं नाही. विसरल्याने माणसं मरतात. कळलं? तुझा मामा कसा मेला? सांग, कसा मेला?”

मी धावत जाऊन मुलीला सोडवलं. आई स्वतःच घाबरली होती. आपल्या हातांकडे बघत होती, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. ताई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी आली. दाराजवळच्या खुर्चीवरून भाऊजी उठले. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

“आई,” ते म्हणाले, “तो विसरला नव्हता.”

मग सगळं सांगितलं. नेहमीसारखं हात हलवून, कुणाचे दंड धरून नाही. उभ्याने, हात मागे बांधून, पाढे म्हणावेत तसं. चढ, चिखल, दांडी, झडप. आई पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती. मध्येच तिने त्यांना थांबवलं.

“त्याने दांडी ढकलली होती?”

“हो.”

“आठवणीने?”

“हो. आठवणीने.”

आईने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी दीड महिना पाहिलं नव्हतं. भाऊजी तिथे थांबले असते, तर ते तसंच राहिलं असतं. क्षणभर मला वाटलं, थांबतील. पण प्रवचन अर्धं सोडणं त्यांना एकदाच जमलं होतं.

“आणि दिवा मी काढला होता,” ते म्हणाले, आणि पुढचंही सांगितलं, बल्ब खिशात टाकण्यापर्यंत, हसण्यापर्यंत.

मुलगी माझ्या कमरेला घट्ट धरून उभी होती. मग बोलली ती ताई. आरडाओरडा नाही, काही नाही.

“मला सांगितलंत,” ती म्हणाली. “लग्नाच्या आधी सांगितलंत. दूधवाल्याला सांगितलंत. हिच्या नवऱ्याला सांगितलंत, ज्याने जन्मात ट्रक चालवला नाही. सगळ्या जगाला धरून धरून सांगितलंत. त्यालाच तेवढं का नाही?”

“तो नको म्हणाला,” भाऊजी म्हणाले.

“आम्ही सगळेच नको म्हणायचो. कधी ऐकलंत?”

आई म्हणाली, “जावईबापू, तुम्ही आता घरी जा.” ती त्यांना जावईबापू असं फक्त चेष्टेत म्हणायची. त्या दिवशी चेष्टा नव्हती. ते गेले. जिना उतरताना त्यांच्या पावलांचा आवाज एकेक ऐकू आला, बावीस पायऱ्या.

सोमवारी त्यांनी मॅनेजरला लेखी दिलं. मॅनेजर म्हणाला, कागद बंद झालाय, कशाला उकरता. भाऊजी म्हणाले, उकरा. नव्या कागदावर चालकाच्या नावापुढचा तो शब्द खोडला गेला आणि भाऊजींना वर्कशॉपमधून काढलं गेलं. आता ते मोठ्या रस्त्याच्या कडेला एका टायरच्या दुकानात काम करतात. फाटकावर नवा ड्रायव्हर आला की त्याला काय सांगतात, कोण सांगतं, मला माहीत नाही.

ताई त्यांच्याबरोबरच राहते. ती जेवण करते, शर्ट धुते. आता शर्टाला रबराचा वास येतो, आणि तो पहिल्याच धुण्यात जातो. दुपारभर ती आईकडे असते; भाऊजी तो जिना पुन्हा चढलेले नाहीत. भाऊजींशी कामापुरतं बोलते. “भाजी आणा,” “दार लावून घ्या.” एकदा मी तिला म्हणाले, “ताई, किती दिवस?” ती म्हणाली, “मला राग नाही गं आलेला. राग आला असता तर उतरला असता.”

आई मात्र बदलली. ती पुन्हा बाहेर पडायला लागली. जो भेटेल त्याला थांबवून सांगते, “माझा मुलगा विसरला नव्हता हां. त्याने बरोबर लॉक सोडलं होतं.” दांडी कशी, झडप कशी, दाते कसे अडकतात, सगळं तिला पाठ झालंय. भाजीवाली, कुलूपवाला, शाळेबाहेर उभ्या राहणाऱ्या आया, कुणी सुटलेलं नाही. लोक ऐकतात. काही जण कंटाळून मागे सरतात, ती त्यांच्यामागे दोन पावलं जाते.

गेल्या महिन्यात मी आणि ती दुकानात रांगेत उभ्या होतो. समोरच्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि साहजिकच विचारलं, “मग आजी, चूक कुणाची?”

रांगेत आमच्या मागे, चौथ्या जागी, भाऊजी होते, हातात पिशवी. मला दिसले. आईला दिसले की नाही, मी अजून ठरवू शकलेले नाही.

“चूक कुणाची असणार,” आई म्हणाली. “यंत्राची. यंत्रच ते. बिघडतं कधी कधी.”

मी मागे वळून पाहिलं तेव्हा भाऊजी रांगेतून बाहेर पडून चालले होते. पिशवी रिकामीच होती. आईचं सामान तिच्या हातात देऊन मी त्यांच्यामागे गेले. कोपऱ्यावर गाठलं. किती वाळले होते ते. गळ्याशी शर्ट सैल झाला होता.

“त्या खोटं बोलल्या,” ते म्हणाले. “माझ्यासाठी.”

“हो,” मी म्हणाले. “तुम्हाला जपलं तिने.”

“त्यांना सांग, असं म्हणू नका. यंत्र बिघडलं नव्हतं. कडं जिथे अडकायचं तिथेच अडकलं. ताण असला की ते सुटत नाही, ते तसंच बनवलेलं आहे. त्यांना सांग, माझं नाव घ्या. चारचौघांत घ्या. दारात उभं करून शिव्या द्या. पण यंत्राचं नाव घेऊ नका.” मग खालच्या आवाजात, “शिव्या दिल्या असत्या तर मला जिना चढून येता आलं असतं.”

ते टायरच्या दुकानाच्या दिशेने निघून गेले. आई रांगेच्या टोकाशी पिशवी घेऊन उभी होती, त्या बाईशी अजून बोलत. तिचा हात हवेत एक दांडी ढकलत होता.

तो निरोप मी तिला दिलेला नाही.